साल्व्हियाला थंडीचं फूल कुणी ठरवलं?

‘साल्व्हिया थंडीचा. नोव्हेंबरात लावा, फेब्रुवारीपर्यंत बघा, मार्च लागला की उपटा.’ पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही नर्सरीत जा, सोसायटीच्या बागसमितीत बसा किंवा बागकामावरचं व्याख्यान ऐका, हे ऐकायला मिळतंच. आणि इतक्या ठामपणे, की ‘कशावरून?’ असं विचारायचं कुणाला सुचत नाही. अलीकडे त्याला आणखी दोन आक्षेप येऊन चिकटले आहेत. एक, या झाडाला पाणी फार लागतं. दोन, हे परकं झाड आहे, त्यापेक्षा तुळस लावा. (साल्व्हिया तुळशीच्याच कुळातला आहे हे सांगणाऱ्याच्या गावी नसतं.) आक्षेप घेणारे वेगवेगळे, निकाल मात्र एकच: उष्ण हवेच्या बागेत साल्व्हिया हा चार महिन्यांचा पाहुणा, त्याला कायमची जागा देऊ नये.

या तिन्ही आक्षेपांत थोडंथोडं तथ्य आहे आणि तेच त्यांचं बळ आहे. साफ खोटं असतं तर कधीच उघडं पडलं असतं. म्हणून ते झटकून न टाकता एकेक सोडवून बघायला हवेत.

आधी हे ठरवू की आपण कुठल्या साल्व्हियाबद्दल बोलतोय. या प्रजातीत हजाराच्या आसपास जाती आहेत. पाश्चात्त्य स्वयंपाकातला सेज तिच्यातलाच. रोझमेरीलाही वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०१७ साली तिच्यातच आणून बसवलं. हल्ली घरोघरी सकाळी वाटीत भिजणारा चिया म्हणजे साल्व्हिया हिस्पॅनिका. हिमालयात याच्या रानटी जाती आहेत आणि साल्व्हिया प्लेबिया नावाची एक बारीक फुलांची जात भारताच्या सखल भागातही ओलसर जागी, शेताच्या कडेला तणासारखी उगवते. आपण मात्र यातल्या एकाच जातीला ओळखतो: लालभडक, वीतभर उंचीचा, रस्त्याच्या दुभाजकात ओळीनं उभा केलेला साल्व्हिया स्प्लेंडेन्स. त्यातही त्याचं मूळ रूप नव्हे, तर कुंडीत मावावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून खुजा केलेला वाण. तो एप्रिलमध्ये मान टाकतो, हे खरं. पण त्याच्यावरून हजार जातींचा निकाल लावणं म्हणजे कलिंगड जानेवारीत बेचव लागलं म्हणून काकडी, दोडका, कारलं सगळीच वेलवर्गीय पिकं बाद करण्यासारखं आहे.

बरं, या स्प्लेंडेन्सची तरी चौकशी कुणी केली आहे का? तो मूळचा ब्राझीलचा. युरोपातल्या वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात त्याची नोंद १८२२ सालची. तिथल्या उबदार, दमट डोंगरांत तो माणसाच्या छातीला लागेल इतका वाढतो आणि वर्षानुवर्षं जगतो. इंग्लंडात गेल्यावर त्याच्यापुढे एकच अडचण उभी राहिली, हिमतुषार. पहिल्या कडाक्यात तो काळा पडून मरतो. म्हणून इंग्रज माळ्यांनी त्याला वर्षायू मानायला सुरुवात केली: वसंतात काचघरात बी टाकायचं, उन्हाळ्यात वाफे भरायचे, शरदात काढून फेकायचे. विलायतेत साल्व्हिया हे उन्हाळ्याचं फूल आहे. कारण तिथला उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर. वाफे भरण्याची ही पद्धत आपल्याकडच्या सरकारी बागांमध्ये आली तेव्हा तापमान जुळवायला ती हिवाळ्यात सरकवली गेली. पद्धत विलायती, झाड ब्राझीलचं, आणि शिक्का बसला ‘थंडीचं फूल’ असा. थंडीनं मरणारं झाड थंडीचं ठरलं! सदाफुलीलाही विलायतेत असंच एका हंगामाचं झाड मानतात. ते मत मात्र आपण उचललं नाही, कारण सदाफुली दारात बारा महिने फुलताना आपल्या आजीनं पाहिली होती.

आता मेक्सिकोकडे वळू, कारण बागेत लावण्यासारख्या साल्व्हियांचं खरं माहेर ते आहे. जगात साल्व्हियाच्या सर्वाधिक जाती ज्या देशांत आहेत त्यांत मेक्सिको फार वर आहे. मेक्सिको सिटी साधारण १९.४ उत्तर अक्षांशावर. मुंबई १९ वर, पुणे १८.५ वर. तिथला पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. हिवाळा कोरडा. पावसाआधीचे एप्रिल-मे हे वर्षातले सर्वांत तापलेले महिने. ही दिनदर्शिका कुणाची वाटते? दख्खनच्या पठाराचा शेतकरी ती न बघता पाठ म्हणेल. उन्हाळी पाऊस आणि कोरडा हिवाळा या चक्रात वाढलेल्या झाडाला ‘आपली हवा सोसत नाही’ म्हणणाऱ्यांनी नकाशा एकदा उघडावा.

इथे जाणकार विरोधक मला अडवतील आणि त्यांनी अडवायलाच हवं. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर आहे, पुणे साडेपाचशेच्या आसपास. अक्षांश जुळले तरी रात्रीचा गारवा जुळत नाही. उंच डोंगरातल्या पाइन-ओकच्या रानातला अननसाच्या वासाचा साल्व्हिया एलेगन्स पुण्यात मे महिन्यात रडत-रखडत जगतो, हे मान्य. पण सगळेच साल्व्हिया डोंगरातले नाहीत. साल्व्हिया फॅरिनेशिया टेक्ससचा आणि मेक्सिकोचा. टेक्ससमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि रात्रीही पंखा लावूनच झोपावं लागतं. तिथले बागतज्ज्ञ ग्रेग ग्रँट यांना मध्य टेक्ससमधल्या एका लहानशा दफनभूमीत या जातीचं एक झाड दिसलं. पाणी घालायला कुणी नाही, छाटायला कुणी नाही, थडग्याशी आपला फुललेला. त्या थडग्यावर जे नाव कोरलेलं होतं तेच त्यांनी वाणाला दिलं, ‘हेन्री ड्युलबर्ग’. पुढे हा वाण टेक्ससभर नावाजला गेला. उन्हाला घाबरणारं झाड दफनभूमीत टिकत नाही.

आणि कोकणासाठी साल्व्हिया कॉक्सिनिया. फ्लोरिडात हा रानात आपोआप उगवतो. फ्लोरिडाचा उन्हाळा म्हणजे कडक ऊन, घामाच्या धारा आणि दुपारी कोसळणारा पाऊस. रत्नागिरीकराला त्यात परकं काही वाटू नये.

‘थंडीत फुलतो म्हणजे थंडीचा’ या तर्काची खरी परीक्षा होते ती साल्व्हिया ल्युकँथामध्ये. हा मेक्सिकोचाच. जांभळे मखमली तुरे, त्यातून डोकावणारी पांढरी फुलं, लांबट राखाडी-हिरवी पानं. पुण्यात हा ऑक्टोबरात तुरे काढायला लागतो. आता ऑक्टोबरात पुण्यात थंडी असते का? ‘ऑक्टोबर हीट’ हा शब्द पुणेकर उगाच वापरत नाहीत. दुपारी पारा तेहेतिशी गाठतो, अंगाची लाही होते, आणि नेमकं त्याच वेळी हे झाड कळ्या धरतं. ते थर्मामीटर बघतच नाही, ते रात्र मोजतं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर रात्र दिवसापेक्षा मोठी व्हायला लागली की कळ्या धरण्याचा इशारा त्याला मिळतो. अशा झाडांना लहान दिवसांची झाडं म्हणतात. शेवंती यातलीच. चियाही यातलाच. वाशीम जिल्ह्यात शेतकरी चिया रब्बीत घेऊ लागले ते केवळ गारव्यासाठी नव्हे. दिवस लहान होत गेल्याशिवाय तो नीट फुलावरच येत नाही. म्हणजे डिसेंबरात साल्व्हिया फुललेला दिसला की त्याचं श्रेय थंडीला देणं हे घड्याळाचं काम थर्मामीटरच्या नावावर खपवणं झालं. शिवाय फॅरिनेशियाला आणि कॉक्सिनियाला हेही बंधन नाही. तुरे वेळच्या वेळी कापले की ते वर्षाचा बहुतेक काळ फुलत राहतात.

मग एप्रिलमध्ये झाडं मरतात ती का? कारण बघायचं असेल तर एक मरतुकडं रोप पिशवीतून बाहेर काढा. जानेवारीत विकत घेतलेल्या सीझनलची काळी पिशवी फाडली की आत कोकोपीटचा एक लहानसा गठ्ठा निघतो. त्याभोवती पांढरी मुळं गोल गोल फिरून जाळी झालेली असतात. माती जवळजवळ नसतेच. हे रोप दीड-दोन महिने फुलून दुकानातून उठावं एवढ्यासाठीच वाढवलेलं असतं. खत पाण्यातून, रोजच्या रोज. बहुतेक लोक तो गठ्ठा तसाच उचलून कुंडीतल्या मातीत बसवतात. मुळं त्या जाळ्यातून बाहेर पडत नाहीत. मार्चच्या उन्हात कोकोपीट वाळलं की ते आकसतं, आणि नंतर वरून ओतलेलं पाणी गठ्ठ्याच्या बाजूनं निसटून कुंडीच्या भोकातून वाहून जातं. कुंडी ओली, गठ्ठा कोरडा. वर काळ्या प्लॅस्टिकची किंवा सिमेंटची कुंडी गच्चीत तापलेली, हात लावला तर चटका बसतो. या झाडाला ऊन मारत नाही, त्याला त्याची पिशवी मारते.

उपाय अगदी साधा आहे, आणि तो न सांगणाऱ्या नर्सरीवाल्याला मी दोष देतो. लावताना गठ्ठ्याच्या कडा बोटांनी मोकळ्या करा, जाळं सोडवा, तळाची गुंडाळलेली मुळं कापा. फुललेले तुरे त्याच दिवशी कापून टाका (इथे बहुतेकांचा हात थरथरतो). आणि लावा ते नोव्हेंबरच्या आत, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळांना खाली उतरायला वेळ मिळतो. जानेवारीत फुलांसकट आणून लावलेल्या झाडाला तेवढा वेळ मिळतच नाही.

दुसरा मारेकरी पाऊस, आणि ऊन ज्याला मारत नाही त्याला तो नक्की मारतो. पुण्याची काळी चिकणमाती जुलैमध्ये लाप्शीसारखी होते, मुळांना हवा मिळत नाही आणि ल्युकँथासारखं दणकट झुडूपसुद्धा बुंध्याशी सडून आडवं होतं. मेक्सिकोतही पाऊस आहे, पण तिथे ही झाडं बहुधा उतारावर, खडकाळ जमिनीत असतात. पाणी येतं आणि निघून जातं. आपल्याला तो उतार करून द्यावा लागतो. गादीवाफा वीतभर उंच करा. मातीत निम्म्याच्या आसपास मुरूम आणि भरड वाळू घाला, शेणखत बेतानं. मे महिन्याच्या शेवटी झाड तिसऱ्या हिश्शानं छाटा, म्हणजे पावसात पानांचा भार कमी राहतो आणि आतून वारा खेळतो. गणपती झाले की पुन्हा एक हलकी छाटणी, मग ऑक्टोबरचा बहर बघा. कोकणातल्या लाल जांभ्या जमिनीला हे फारसं करावंच लागत नाही. तिच्यातून पाणी झरझर उतरतं. तिथे अडचण संततधारेची, म्हणून झुडपं पागोळीखाली येणार नाहीत एवढं बघायचं, आणि कॉक्सिनियाचं बी पाऊस ओसरल्यावर टाकायचं.

खताबद्दल एकच वाक्य: युरिया घातलात तर पानंच मिळतील.

आता पाण्याचा आक्षेप. याचं मूळ मला दुपारच्या दृश्यात दिसतं. रुंद पानांचे साल्व्हिया, म्हणजे स्प्लेंडेन्स आणि निळा ग्वारानिटिका, एप्रिलच्या दुपारी दोन वाजता पानं लोंबवतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानेनं मेलं. माळी पाइप घेऊन धावतो. प्रत्यक्षात मातीत दोन पेरं बोट घातलं तर आत ओल असते. पानांतून वाफ होऊन उडणारं पाणी मुळांनी ओढलेल्या पाण्यापेक्षा तेवढ्यापुरतं जास्त होतं, म्हणून झाड पानं लोंबवून उन्हाकडची बाजू कमी करतं. संध्याकाळी सहाला हेच झाड ताठ उभं असतं. दुपारच्या त्या क्षणी तापलेल्या ओल्या मातीत आणखी पाणी ओतलं की मुळं गुदमरतात, सडतात, आणि दुसऱ्या दिवशी झाड संध्याकाळीही उठत नाही. मग म्हणायचं, ‘बघा, एवढं पाणी घातलं तरी मेला!’ एवढं पाणी घातलं म्हणूनच मेला.

जमिनीत वर्षभर रुजलेल्या फॅरिनेशियाला मे महिन्यातही आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी पुरतं, त्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर आणखी कमी. याउलट वर्षातून तीन वेळा बदलल्या जाणाऱ्या सीझनल रोपांना रोज पाणी लागतं, कारण त्यांची मुळं कधी वितीच्या खाली जातच नाहीत. ज्या सोसायट्या ‘साल्व्हियाला पाणी लागतं’ म्हणून नाक मुरडतात त्यांच्याच आवारात हिरवळीचा गालिचा टँकरच्या पाण्यावर पोसलेला असतो. त्याच्यावर कुणी आक्षेप घेतलेला मी तरी ऐकलेला नाही.

काही साल्व्हिया आपल्याला खरोखर जमत नाहीत, हे मी लपवणार नाही. युरोपातला साल्व्हिया नेमोरोसा, ज्याचे निळे-जांभळे तुरे परदेशी मासिकांत बघून लोक बी मागवतात, त्याला हिवाळ्याची कडक विश्रांती लागते. ती पुण्यात मिळत नाही, मुंबईत तर नाहीच. स्वयंपाकातला सेज कोकणच्या पावसात दोन आठवडे टिकणं कठीण. लहान पानांचे ग्रेगी आणि मायक्रोफिला पठारावर, सोलापूर-नगरकडच्या कोरड्या हवेत मस्त वाढतील, पण त्यांना दादरच्या बाल्कनीत जुलैमध्ये ठेवू नका. नागपूर-चंद्रपूरकडे पंचेचाळिशीच्या झळा लागतात तिथे पश्चिमेची सावली हवीच. भिंतीच्या पूर्वेला किंवा शेवग्याच्या विरळ सावलीत जागा शोधावी. कीड म्हणाल तर उन्हाळ्यात लाल कोळी आणि पांढरी माशी दोन्ही येतात. पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाण्याचा फवारा मारा, तेवढं पुष्कळदा भागतं. म्हणजे निवड करावी लागते. पण ती आंब्यातही करावी लागते. रत्नागिरीचा हापूस लातूरला तसा येत नाही म्हणून लातूरकरांनी आंबा लावणं सोडलेलं नाही.

राहिला ‘परकं झाड’ हा आक्षेप. तो मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो घेणाऱ्यांची तळमळ खरी असते. त्यांच्यासमोर घाणेरी आहे. लँटाना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आलं आणि तिथून सुटून त्यानं देशभरची रानं गिळली. ज्यानं सह्याद्रीच्या उतारावर घाणेरीची जाळी पाहिली आहे त्यानं कुठल्याही शोभेच्या परदेशी झाडाकडे संशयानं बघितलं तर ते शहाणपणाचंच. पण दोन झाडांची चाल सारखी आहे का, तेवढं तपासा. घाणेरीला गरदार फळं येतात, ती बुलबुल आणि साळुंक्या खातात आणि बी कोसभर नेऊन टाकतात. साल्व्हियाला असं फळच नसतं. फुलाच्या वाळक्या पेल्यात चार बारीक कठीण बिया असतात, त्या झाडाखालीच गळतात. ल्युकँथा आपल्याकडे मुख्यतः छाटकलमानंच वाढवतात. कॉक्सिनिया मात्र बियांनी फोफावतो. पूर्व ऑस्ट्रेलियात तो बागेबाहेर पसरला आहे आणि आपल्याकडेही काही ठिकाणी रानावला आहे. म्हणून माझं म्हणणं असं: कासच्या पठाराजवळ, महाबळेश्वरच्या रानाला लागून किंवा कुठल्याही देवराईच्या आसपास कॉक्सिनिया लावू नका. तिथे मी विरोधकांच्या बाजूनं उभा राहीन. पण कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून तो सह्याद्री जिंकायला निघेल, ही भीती बाळगण्याचं कारण नाही. दसऱ्याला आपण दाराला जो झेंडू बांधतो तो मेक्सिकोहूनच आलेला आहे आणि त्याला कुणी पासपोर्ट विचारत नाही, एवढी आठवण देऊन हा मुद्दा सोडतो.

सोडण्याआधी त्याची दुसरी बाजू. परक्या झाडाचा आपल्या पाखरांना काय उपयोग, असं विचारतात. फॅरिनेशियाच्या निळ्या तुऱ्याजवळ सकाळी नऊच्या सुमारास उभं राहा. पोटावर निळसर पट्टे असलेली एक गुबगुबीत मधमाशी येईल, अमेगिला तिचं नाव. ती एका फुलावर जेमतेम क्षणभर थांबते. एवढ्यात काय होतं ते दिसावं म्हणून गवताची एक बारीक काडी घ्या आणि माशी जशी शिरते तशी फुलाच्या घशात हळूच सारा. वरच्या ओठातून दोन पुंकेसर खाली वाकतात आणि काडीच्या पाठीवर परागकणांचा ठिपका उमटतो. आत एक तरफ आहे. माशी मधासाठी तरफेचं खालचं टोक ढकलते, वरचं टोक तिच्या पाठीवर आपटतं. जर्मन अभ्यासक क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल यानं १७९३ सालच्या आपल्या ग्रंथात या रचनेचं वर्णन केलं, तेव्हा फूल आणि कीटक यांचं असं साटंलोटं असतं हेच पुष्कळांना पटलं नव्हतं. ही तरफ चालवायला आपली देशी माशी चालते. तिला व्हिसा लागत नाही.

लाल, लांब नळीची फुलं अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठी घडलेली आहेत. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून मध पितो. आपल्याकडे ते काम शिंजीर करतो, पण तो बसून पितो, म्हणून त्याला कॉक्सिनियाची नाजूक काडी वाकलेली चालत नाही. शेजारी एखादं जाड काडीचं झाड असेल तर तो त्यावर टेकून मान लांब करतो. कधीकधी चोरटा शिंजीर नळीच्या बुडाशी भोक पाडून परागीभवनाला बगल देतो. पक्ष्यांसाठी म्हणून लाल साल्व्हिया लावणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की झाडाजवळ शिंजिराला बसायला फांदी आहे.

आता जरा उघड बोलतो. ‘थंडीचं फूल’ ही समजूत टिकण्याचं कारण वनस्पतिशास्त्रात नाही, व्यवहारात आहे. आपली फुलांची प्रदर्शनं, पुण्यात एम्प्रेस गार्डनचं, मुंबईत राणीच्या बागेतलं, जानेवारी-फेब्रुवारीत भरतात. तिथे लाल वाफे बघून लोक रोपं उचलतात. सोसायट्यांच्या बागकामाच्या करारात ‘सीझनल बदलणे, वर्षातून तीन वेळा’ असं कलम हमखास असतं. ठेकेदाराला रोप विकण्यात पैसे मिळतात, छाटणीत मिळत नाहीत. जे झाड पाच वर्षं टिकतं त्याचं बिल एकदाच निघतं. मी कुणा एकावर आरोप करत नाही. ज्याचं पोट रोपं विकण्यावर आहे तो रोप टिकवायला का शिकवेल? पण मग त्यानं दिलेला सल्ला हा वनस्पतिशास्त्र म्हणून आपण का गिळायचा? बागसमितीतले निवृत्त इंजिनियर जिन्याच्या प्लॅस्टरचं इस्टिमेट तीन ठिकाणांहून मागवतात, आणि बागेच्या ‘सीझनल’ ओळीखाली न वाचता सही करतात.

ज्यांना ही ओळ बदलायची आहे त्यांनी पुढच्या करारात एवढं लिहून घ्यावं. तीन बदलांऐवजी एकच लागवड, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. उन्हाच्या वाफ्यात पुढे फॅरिनेशिया, मागे ल्युकँथा. अर्ध्या सावलीत ग्वारानिटिका किंवा त्याच्या रक्ताचा ‘अमिस्ताद’. ग्वारानिटिकाची मुळं गाठाळ असतात, पार जमिनीलगत कापला तरी पुन्हा फुटतो. म्हणून माळ्यानं चुकून कुऱ्हाड चालवली तरी घाबरू नये. छाटणी वर्षातून दोनदा, मेअखेर आणि गणपतीनंतर. सुकलेले तुरे दर पंधरवड्याला. ल्युकँथाची छाटकलमं फेब्रुवारीत, बहर ओसरताना: न फुललेल्या फांदीचा चार बोटांचा तुकडा, खालची पानं काढून, ओल्या वाळूत, सावलीत. मुळं बहुधा महिनाभरात धरतात. आणि या सगळ्या कामांचा दर ठेकेदाराला रोपांच्या किमतीतून नव्हे, मजुरीतून वेगळा आणि पुरेसा द्यावा, नाहीतर तो दिवाळीत पुन्हा लाल कुंड्यांचा टेम्पो घेऊन दारात उभा राहील.